खळवाडीतल्या सोळा चुली

१६ मार्च, रविवार

खळवाडी मोजून झाली. टेप दोनदा फिरवली, दोन्ही वेळा आकडे जुळले, तरी मला तिसऱ्यांदा फिरवावीशी वाटत होती. उन्मेष टेपचं दुसरं टोक धरून उन्हात उभा होता. म्हणाला, "जागा कुठे पळून नाही चालली. आणि पळाली तर बिल्डर आपल्याआधी पकडेल." उन्मेष माझ्याच ऑफिसात आहे. नकाशे मी काढते, बांधकाम तो बघतो.

सगळं एकदा नीट लिहून ठेवते, म्हणजे पुढे माझंच डोकं मला तपासता येईल.

आमचा पाडा बदलापूर पश्चिमेला, हेंद्रेपाड्याच्या पुढे, नदीच्या अंगाला. खळवाडी ही पाड्याची सामाईक मळणीची जागा. ती कोणा एकाची नाही, गावकीची. आता भातच नाही तर मळणी कुठली? शेतांवर टॉवर उभे राहिले. खळवाडीत टॉवरवाल्यांच्या गाड्या लागतात, पोरं क्रिकेट खेळतात आणि लग्नसराईत हळदीचे मांडव पडतात. जुन्या माणसांनी खळं मुद्दाम उंचवट्यावर केलं होतं, भात भिजू नये म्हणून. त्यामुळे नदी फुगली की पाणी पाड्यातल्या घरांत शिरतं, पण खळवाडीच्या बांधाला टेकून परत जातं. घरं बांधायला याहून चांगली जागा आख्ख्या बदलापुरात नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. आणि मी छातीवर हात ठेवून फारसं काही सांगत नाही.

मनालीताईंचं ऑफिस उल्हासनगरला, फर्निचर बाजाराच्या मागे. पडून राहिलेल्या सामाईक जागांवर स्वस्त आणि उन्हाळ्यात थंड राहणारी घरं बांधणं हे आमचं काम. मांडवापुरती जागा सोडूनही खळवाडीत सोळा घरं बसतात. पाड्यातली जी कुटुंबं घर नाही म्हणून भाड्याने बाहेर गेली, त्यांच्यासाठी ती असतील. नगरपालिका तयार आहे. फक्त गावकीने एकमुखाने हो म्हणायला हवं. गावकीची सभा ११ मेला. त्यांनी नाही म्हटलं तर शेजारच्या टॉवरचा बिल्डर टपलेलाच आहे. त्याला तिथे क्लबहाउस आणि पार्किंग करायचंय.

आणखी एक गोष्ट. मीही याच पाड्यातली. बाबा गेल्यावर आमच्या दोन खोल्या विकल्या, त्यातून मी आर्किटेक्ट झाले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दुसरीच्या पुढे गेलं नव्हतं. आय आणि मी आता अंबरनाथ पश्चिमेला भाड्याने राहतो, वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली. नियमाने आमचं नाव या सोळांत येऊ शकतं. ते येणार नाही, असं मी मनालीताईंना पहिल्याच दिवशी सांगितलं. जिने रेघा काढायच्या तिनेच त्या रेघांच्या आत राहायला जायचं, हे बरोबर नाही. ताई म्हणाल्या, विचार कर. मी म्हटलं, केलाय.

आयला अजून बोलले नाही. तिने घर मागितलेलंच नाही, मग बोलायचं काय?

२३ मार्च

नकाशा पुरा झाला. पहिल्यांदा आयला दाखवला. तिला अक्षर येत नाही, म्हणून ही वही मी उघडीच ठेवते. कधी बाजूने जाताना ती पानाकडे बघते आणि म्हणते, "आज लय लिवलंस. काय चुकलं?"

नकाशा मात्र तिने बराच वेळ बघितला. मी समजावून सांगितलं. चार-चार घरांचे चार गट. प्रत्येक गटाला मधे एक अंगण. नदीतल्या गाळाच्या दाबून केलेल्या विटा, मधे पोकळी ठेवलेल्या भिंती, वर बांबू आणि कौलं, पश्चिमेचा वारा एका दारातून आत आणि दुसऱ्यातून बाहेर. जोतं उंच. आयचं बोट फिरत फिरत अंगणाच्या मधोमध थांबलं. मी तिथे एक गोल काढला होता.

"ह्यां काय?"

म्हटलं, चूल. आत गॅस आहेच, पण अंघोळीचं पाणी, तांदळाच्या भाकरी, सणाचं रांधणं यांना सगळ्यांनाच चूल लागते. प्रत्येक घराने वेगळी पेटवली तर सोळा धूर, सोळा जणींचं सरपण. म्हणून चार घरांत मिळून एक, चांगली मोठी, बिनधुराची.

"चौघींची एक?"

"हो."

"त्या चौघी सासवा-सुना हायत का?"

मी हसले. तीही थोडी हसली, मग उठून बोंबील साफ करायला बसली. तिला नकाशातलं एवढं बारीक कळलं याचं मला कौतुक वाटलं. मनालीताई म्हणतात ते खरंच आहे, नकाशा चांगला असला की तो वाचायला शिकावं लागत नाही.

५ एप्रिल

गावकीच्या पंचांसमोर नकाशा मांडला. सुदामकाका हे मुख्य पंच. बाबांचे मित्र होते, माझं बारसं त्यांच्या ओटीवर झालं म्हणे, पण बोलायला लागले की माणसाला कांद्यासारखं सोलतात. मी तासभर बोलले. घरात उन्हाळ्यात किती फरक पडेल, पुराचं पाणी कुठवर येतं, पागोळीचं पाणी कुठे साठवायचं. सुदामकाकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, हरिचंद्राची पोर एवढं बोलेल असं वाटलं नव्हतं, हरिचंद्र तर मुका होता. सगळे हसले. मग म्हणाले, बघू.

"बघू" म्हणजे नाही. एवढी गावकी मला कळते.

बाहेर ओट्यावर बायका बसल्या होत्या. त्यांत गोदूबाई. पाड्यातली सर्वात म्हातारी, तिला सगळेच गोदूबाई म्हणतात, तिची नातवंडंसुद्धा. तिने विचारलं, रांधायचं कुठं? मी स्वयंपाकघर दाखवलं. ते झालं, म्हणाली, चूल? मी अंगणातली दाखवली आणि धुराने डोळ्यांना आणि छातीला काय होतं ते सांगितलं. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. एकीने विचारलं, "आनि राख कोनाची?" मी म्हटलं, राख सगळ्यांची, झाडांना घालता येईल.

येताना रिक्षात विचार केला. अडचण मातीच्या भिंतींची आहे. यांनी आयुष्यभर मातीच्या घरातून सिमेंटच्या घरात जायची वाट बघितली आणि मी त्यांना परत मातीत बोलावतेय. हे बोलून पटणार नाही. दाखवायला हवं.

१२ एप्रिल

मनालीताईंनी नमुना खोलीला परवानगी दिली. खळवाडीच्या कडेला एकच खोली, सभेच्या आधी उभी करायची.

कौलं आणि दारं जुनीच घ्यायची ठरली. उल्हासनगरात वासू सेठकडे गेलो. पाडलेल्या घरांचा माल त्यांच्याकडे येतो. मी प्रत्येक कौल टिचकी मारून बघत होते. सेठ खुर्चीवरून म्हणाले, "बेटी, कौल ले रही है या मटका?" उन्मेष त्यांना म्हणाला, सेठ, आभार माना, ही टेप घेऊन नाही आली. शेवटी सेठनी एक सागवानी दार फुकट दिलं. त्याला कडी नव्हती. म्हणाले, दार दिया, कडी तू लगा, तभी तेरा घर होगा. मी सांगितलं, घर माझं नाहीये. म्हणाले, सबका बोलते हैं, किसी का तो होगा ना.

२६ एप्रिल

खोली उभी राहिली. भिंतींवरून हात फिरवला तर गार लागतं. बाहेर दुपारी चटके बसत होते आणि आत उन्मेष बसल्याबसल्या घोरायला लागला. त्याचा फोटो मनालीताईंना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, हाच आपला अहवाल.

फार दिवसांनी मला स्वतःवर शंका आली नाही.

२९ एप्रिल

पाड्यात बातमी पसरली आहे. दुपारी जेवणं झाली की लोक चटई घेऊन खोलीत येतात. आज मी गेले तर दाराबाहेर चपलांचा ढीग. आत सुदामकाका भिंतीला पाठ लावून झोपलेले, त्यांच्या शेजारी दुसरे पंच, कोपऱ्यात दोन तान्ही बाळं आणि एक शेळी. शेळीला कोणी आणलं ते कोणालाच माहीत नव्हतं.

काका जागे झाले तेव्हा विचारलं, आता तरी पटलं का? म्हणाले, "झोप बेस लागते." मी म्हटलं, मग सभेत हो म्हणाल? त्यांनी टोपी झटकली. "झोपंचा न् गावकीचा काय संबंद?"

झोपायला सगळे येतात, हो म्हणायला कोणी नाही. मग अडचण मातीची नव्हती. मग कशाची? बिल्डरने काही कबूल केलं असेल का? की माझ्यामुळेच? बाहेर भाड्याने राहणारी पोरगी येऊन आपल्याला घरं शिकवते, असं तर वाटत नसेल?

आयला विचारलं. ती हळदीला निघाली होती. ती धवलारीण आहे. आमच्याकडे लग्नात भटजींच्याही आधी धवलारणीचं काम सुरू होतं. मांडवापासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला ती धवले गाते, आणि ती गायल्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. या महिन्यात तिला उसंत नाही. चप्पल घालता घालता म्हणाली, "तू त्यांना भिंती दाखवतंस. त्यांना भिंतीचां पडलेलां नाय."

कशाचं पडलंय ते सांगायच्या आत तिला न्यायला रिक्षा आली.

२ मे

आज वाईट झालं.

आय मांडवातून परत येताना खळवाडीत थांबली. आम्ही दोघं तिथेच होतो. उन्मेषने नेहमीच्या उत्साहात विचारलं, काकी, तुम्हाला यातलं कुठलं घर पाहिजे, आत्ताच बोलून ठेवा. मला सांगावंच लागलं की आमचं नाव नाही.

आयने विचारलं, "कोनी काडलां?"

"मीच. पहिल्या दिवशीच."

तिने मला कारण विचारलं नाही. तरी मी सांगितलं. लोक म्हणतील पोरीने आयसाठी योजना आणली, मग बाकी पंधरांचंही बिनसेल. आयने डोक्यावर पदर घेतला. मग म्हणाली, तुजां बरोबर हाय. आणि पिशवी उचलून पाड्यात निघून गेली. संध्याकाळी निरोप आला की ती काही दिवस पाड्यातच राहील, लागोपाठ मांडव आहेत.

तिला ही योजनाच आवडलेली नाही असं मला पहिल्यापासून वाटत होतं. ती म्हणते बरोबर आहे, पण तिचा चेहरा तसं म्हणत नव्हता. मी चुकले का हे परत परत तपासतेय. प्रत्येक वेळी उत्तर तेच येतं. नियमाने मी बरोबर आहे.

घरात पत्रा तापलाय. आयशिवाय खोली आणखी तापलेली वाटते.

६ मे

आज कळलं.

गोदूबाईच्या ओट्यावर गेले आणि सरळ विचारलं, माझ्या नकाशात काय खुपतंय ते सांग, शिव्या दिल्यास तरी चालेल. ती तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"आमची गावकी घरां मोजत नाय, पोरी. चुली मोजते. एक चूल म्हंजे एक घर. एका चुलीचा एक मान, एक बोलनां. भाव-भाव वेगले झाले की पयली चूल वेगली करतात, मंग भिंत घालतात. तुज्या कागदावर चुली किती?"

"चार."

"मंग घरां किती झाली?"

सोळा कुटुंबांना परत गावात आणते म्हणत होते आणि गावाच्या हिशोबाने त्यांतली बारा मी पुसून टाकली होती. बारा घरांना सभेत तोंड नाही, जत्रेत मान नाही. कोणती बाई आपली चूल देऊन खोली घेईल, मग ती कितीही गार असली तरी? हे या पाड्यातल्या कुठल्याही पोराला ठाऊक असतं. मी इथेच जन्मले, गावकी मला कळते म्हणून लिहिते, आणि मला ते दिसलं नाही. मी धूर मोजत होते.

विचारलं, मग इतके दिवस कोणी सांगितलं का नाही? गोदूबाई म्हणाली, आमाला वाटलां तुला ठावं हाय. शिकलेली हायस, मुद्दाम केलां आसशील.

निघताना तिने हाताला धरून बसवलं. "तुज्या आयशीला तरी इचारायचांस. तुमची खोली इकली तवा तिची चूल गेली. तवापासना ती गावात गाते, पन बोलत नाय."

मला वाटत होतं आय सभेला जात नाही कारण तिला सभा आवडत नाही.

७ मे

मनालीताईंना सगळं सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, बरं झालं आत्ता कळलं, बांधून झाल्यावर कळलं असतं तर आपण चौघींना आयुष्यभर भांडायला लावलं असतं. मग म्हणाल्या, सोळा चुली काढ, पण सोळा धूर मला चालणार नाहीत.

मलाही चालणार नाहीत. उद्या बघते.

८ मे

जमलं!

अंगण तेच. चारही घरांचे मागचे ओटे अंगणाच्या मध्याकडे आणले, एकमेकांना पाठ लावून. प्रत्येक ओट्यावर आपापली चूल, आपापल्या दारासमोर, मधे खांद्याएवढी भिंत. धूर मात्र पाठीमागून एकाच धुराड्यात जातो आणि कौलांच्याही वर निघतो. तोंडं चार, धुराडं एक. राख ज्याची त्याची. उन्मेषने खळवाडीत विटा रचून, पेटवून बघितलं. धूर सरळ वर गेला. मी त्याला तीन वेळा पेटवायला लावलं, तो काही बोलला नाही. चौथ्यांदा म्हणाले तेव्हा बोलला.

नकाशा घेऊन पाड्यात आयला शोधत गेले. म्हटलं तिला आधी दाखवावं. ती सापडली नाही. या घरात होती, आत्ताच त्या घरी गेली, असं प्रत्येक ठिकाणी ऐकलं. मांडव कुठेच दिसत नव्हता. कोणत्या लग्नाची तयारी चाललीय कोण जाणे.

११ मे, रविवार

सभा झाली.

नवा नकाशा मी भिंतीवर लावला. भाषण केलं नाही. फक्त चुली दाखवल्या. सोळा. सुदामकाका जवळ येऊन बोटाने मोजत गेले. मग धुराड्यावर बोट ठेवून म्हणाले, हे चौघांत एक कसं? मी उत्तर द्यायच्या आधी मागून गोदूबाई म्हणाली, "सुदाम, आपुन चूल मोजतांव. धुराडां कवापासना मोजायला लागलास?" सभा हसली. काकाही हसले. म्हणाले, बाईचं खरं आहे.

मग रीतीप्रमाणे एकेका चुलीचं नाव घेतलं गेलं. त्या घरचं माणूस उठतं आणि हो किंवा नाही म्हणतं. पहिला हो. दुसरा हो. मी मनात पन्नास वेळा हिशोब केला होता, कोण नाही म्हणेल, कोणाचा पोरगा बिल्डरकडे कामाला आहे. ज्याचा पोरगा बिल्डरकडे आहे तो बापही उठला, बायकोकडे बघितलं आणि हो म्हणाला. शेवटपर्यंत एकही "नाही" आला नाही. धुराड्याच्या चित्राने काम केलं, यात मला शंका नाही. चांगला नकाशा स्वतः बोलतो.

घरं कोणाला द्यायची ते ठरवायला लागले तेव्हा मी उठून बाहेर गेले. नावं मला नकोत असं मी मनालीताईंना सांगून ठेवलंय. माझ्या कागदावर घरांना आकडे आहेत, नावं नाहीत, आणि तसंच राहावं. आय बायकांत मागे बसली होती. बाहेर जाताना तिच्याकडे बघितलं, तिने मान खाली घातली.

रात्री ती माझ्याबरोबर अंबरनाथला परत आली. तिचा घसा पार बसलाय. मीठ-पाण्याच्या गुळण्या करायला दिल्या. या आठवड्यात एकच हळद होती, ती एवढी गायली कुठे?

२४ जुलै

नदी फुगली. पाड्यात पाणी शिरलं, खळवाडीच्या बांधापर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. नमुना खोलीत सात घरांची भांडी, टीव्ही आणि ती शेळी. सुदामकाकांचा फोन आला. म्हणाले, पोरी, बाकीची घरां कवा?

१४ सप्टेंबर

मंजुरीचा कागद हातात आला. पाऊस थांबला की काम सुरू.

आय जेवताना म्हणाली, सोळाव्या घराच्या मागं जांभूळ आहे, ते तोडणार का? म्हटलं, नाही, ते राखलंय. आणि सोळाव्याचं दार कुणीकडे? पूर्वेला. बरं, म्हणाली. तिला आता या कामात रस वाटायला लागलाय. मे महिन्यात जे वाटलं ते गेलं असावं.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज चुली मांडल्या. आमच्याकडे घराचा पाया खणायच्या आधी चुलीची जागा सारवून तिथे तीन दगड मांडतात आणि धवला गातात. मग पाया. खळवाडीत चुन्याने सोळा घरांची आखणी केली होती. प्रत्येक आखणीत घरधनीण उभी. आय एकेका चुलीपाशी जायची, ती बाई दगड मांडायची, आय त्या घराचं, माणसांचं नाव गुंफून धवला गायची. मी कडेला उभी होते. त्यांतल्या चौघींना मी ओळखत होते, त्या आमच्याच चाळीत भाड्याने राहतात. आयचा आवाज आज असा लागला होता की टॉवरच्या गॅलऱ्यांत माणसं येऊन उभी राहिली.

पंधरा झाल्या. सोळाव्या आखणीत कोणीच उभं नव्हतं. जांभळाखाली फक्त सारवलेली जागा आणि तीन दगड. मला वाटलं, कोणाला तरी यायला उशीर झाला. मी उन्मेषला विचारायला निघाले.

आय आखणीच्या आत गेली. खाली बसली. एक दगड उचलून मांडला. आणि गाणं आलं नाही.

तेवढ्यात गोदूबाईने सूर धरला. ती कधी गात नाही, तिचा आवाज फाटलेला आहे आणि ताल तर नाहीच. दोन बायका हसायला लागल्या, मग त्याही गायला लागल्या. मी शेजारच्या बाईला विचारलं, आय का गात नाही? मी कुठून तरी परकी आल्यासारखं तिने माझ्याकडे बघितलं. "आपल्या चुलीला आपुन गात नाय," ती म्हणाली. "दुसऱ्यांनी गायचां."

वेणूबाय, वेणूबाय, असं आयचं नाव त्या धवल्यात येत होतं. आणि बाबांचं. आणि माझं.

सगळं संपल्यावर मी तिच्याजवळ गेले. मला काय म्हणायचं होतं ते मलाच नीट ठाऊक नव्हतं. एवढंच बोलले की आय, मी तर आपलं नाव काढलं होतं.

ती हाताचं शेण पदराला लागणार नाही असं सांभाळत उठली. "तू तुज्या हापिसातना काडलंस. ते बरोबरच केलंस. मी तुज्याकडं मागलां नव्हतां. मी गावाकडं मागलां. दारोदार जाऊन मागलां."

मग मला मे महिन्यातला तिचा बसलेला घसा कळला. मी शोधत होते तेव्हा ती घरोघर का फिरत होती ते कळलं. सगळ्या घरांतून एकसारखा आलेला हो कळला. नकाशानेही थोडं काम केलं असेल. थोडं.

१७ नोव्हेंबर

झोप लागली नाही. सकाळी मनालीताईंकडे गेले आणि सांगितलं की सोळावं घर माझ्या आयचं आहे, मला काल कळलं, तुम्ही म्हणाल तर मी या कामातून बाहेर पडते. ताईंना मे महिन्यापासून माहीत होतं. म्हणाल्या, नावं ठरवताना तू बाहेर होतीस, गावकीने आपणहून दिलंय, चाळीस माणसांसमोर. तुझं मन मानत नसेल तर त्या घराची देखरेख उन्मेषला दे.

तसंच केलं. सोळाव्याची मापं, माल, तपासणी सगळं उन्मेष बघेल. माझी त्या घरावर सही असणार नाही. आता मला स्वच्छ वाटतंय. आणि खरं लिहायचं तर खूप आनंद वाटतोय. तो लिहायला मी सकाळपासून भीत होते.

२० डिसेंबर

पंधरा घरांचं जोतं पुरं झालं, विटा नकाशाप्रमाणे, एक रेघ इकडची तिकडे नाही. रोज बघून येते.

सोळाव्याकडे जात नाही, पण रस्ता तिथूनच आहे. आज जाताना बघितलं, तर चुलीचा ओटा मी काढला होता त्याहून चांगला वीतभर खाली आलाय. उन्मेषला विचारलं. म्हणाला, काकींनी पहिल्या दिवशीच बसून दाखवलं. त्यांना उभं राहून नाही रांधायचं, पाटावर बसून रांधायचंय. नकाशात असं नाही असं तो म्हणाला, तर आय म्हणाली, नकाशा पोरीचा हाय, चूल माजी.

आय जांभळाखाली पाटावर बसून विटांच्या थराला हाताने माप घेत होती, आणि गवंड्याला सांगत होती, आणखी एक थर काढ.

मी टेप पिशवीत टाकून पुढे निघाले. ते घर माझ्याकडे नाही.